माप धरणारा

साहेबांनी दिवाळी अंक मिटला, टेबलावर पालथा ठेवला आणि समोर पाहिले. शाळेच्या वर्गात, पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली बारा घरांची बारा माणसे, दाराजवळ जमिनीवर उकिडवा बसलेला दगडू मुलाणी, आणि कोपऱ्यात कामकाज लिहून घेणारा विलास, साऱ्यांनाच ती शांतता अंगावर ओले धोतर पडल्यासारखी वाटत होती. छपरातले पारवे तेवढे घुमत होते. विलासच्या लेखणीने 'मुलाणी' हा शब्द लिहून पुढे जायचे नाकारले होते, आणि कागदावर शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत होता.

"बोला ना कुणीतरी," साहेब म्हणाले. ते कंपनीचे लेबर ऑफिसर होते. मुंबईचे, मृदू बोलणारे. "सोपानराव, तुम्ही वडीलधारे. तुम्हीच सांगा."

सोपानरावांनी घसा साफ केला. "तुकडा तसा म्हंजी..." एवढे म्हणून त्यांनी यशवंतरावांकडे पाहिले. यशवंतराव, विलासचे वडील, खिडकीतून दिसणाऱ्या चिंचेकडे पाहत राहिले. सोपानरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

भोसरीच्या अलीकडे, बारा पाळ्यांच्या विहिरीखालची चाळीस एकर जमीन कंपनी घेत होती. रस्त्याच्या पलीकडे तिचा पहिला कारखाना पाच वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. आता त्याला पाय पसरायला जागा हवी होती. ठरले होते असे, की कागदावर जितकी वेगळी खाती, तितकी माणसे कारखान्यात कायम लागतील. बारा घरांची बारा खाती झाली; यशवंतरावांच्या खात्यावर आधीच नोकरीत असलेला विलास धरला गेला. तेराव्या नंबराला माळावरचे वीस गुंठे होते. ते सरकारी उताऱ्यावर यशवंतरावांच्या नावाने वेगळे होते, आणि त्या नंबरावर त्यांनी आपल्या धाकट्या मुलाचे, ज्योतीरामाचे नाव दिले होते. त्याच नंबरावर दगडू मुलाण्याने अर्ज केला होता: हे वीस गुंठे आमच्या तीन पिढ्या कसतात, ते गावाने आम्हांला वाटी धरण्याबद्दल दिलेले आहेत, तरी माझा मुलगा गुलाब यास घ्यावे.

अर्जाला कागदाचा आधार नव्हता. आधार होता तो या बारा माणसांच्या तोंडचा. आणि साहेबांपाशी होता तो हा दिवाळी अंक.

"मुलाणी," साहेब म्हणाले, "हा लेख आमच्या टाइम ऑफिसातल्या विलासरावांचा. त्यांचंच हे गाव. तुमच्याबद्दल फार जिव्हाळ्यानं लिहिलंय त्यांनी. शेवट पुन्हा वाचतो." त्यांनी अंक उलटला. "'ज्याच्या नावावर मूठभर मातीही नव्हती, त्याच्या हाती बारा घरांचे पाणी होते.' हे छापून आलंय, तुमच्या अर्जाच्याही आधी. तेव्हा तर कसला वाद नव्हता. मग हे खरं, की तुमचा अर्ज खरा?"

दगडूभाईंनी मान वर केली. पांढऱ्या दाढीतले ते डोळे साहेबांकडे गेले नाहीत. ते कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळले आणि विलासवर स्थिरावले. त्यात राग असता तर विलासला बरे वाटले असते. त्यात होता तो विश्वास. एखाद्या पोराने पाढा म्हणताना अडखळावे आणि म्हाताऱ्याने, म्हण, म्हण, तुला येतंय, अशा नजरेने बघावे, तसा.

विलासने खाली पाहिले. शाईचा ठिपका आता भाकरीच्या तुकड्याएवढा झाला होता.

"इलासनं लिवलंय," दगडूभाई शेवटी म्हणाले, "म्हंजी बरुबरच आसंल."

साहेबांनी सुस्कारा टाकला. एक अवघड काम आपोआप सुटल्याचा तो सुस्कारा होता. "ठीक आहे. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी पाचला यादी कायम होईल. तोवर कुणाची लेखी हरकत असेल तर गेटावर द्यावी. नंतर काही ऐकलं जाणार नाही."

माणसे उठली. बाकांनी कुरकुर केली. दगडूभाई दारातून निघाले तेव्हा सोपानरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि लगेच, भाजल्यासारखा, काढून घेतला.

*

ही वाटी म्हणजे काय, हे त्या बारा घरांबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. तांब्याची, तळहाताएवढी, बुडाला सुईच्या अग्राएवढे भोक असलेली. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती सोडायची. खालून पाण्याचा एक बारीक कोंभ तिच्यात उगवे, वाढत जाई, आणि एका घटकेने, म्हणजे चोवीस मिनिटांनी, वाटी शांतपणे बुडे. लग्नाच्या मुहूर्ताला ब्राह्मण जशी वाटी सोडतो तशीच ही. पण ही लग्नाची नव्हती, पाण्याची होती. कोणाला दिवसाच्या चार वाट्या, कोणाला सहा. वाटी बुडाली की करंजाखाली बसलेला मुलाणी एकच शब्द उच्चारी: "झालं." नाव कोणाचे घ्यायचे नाही. त्या शब्दासरशी धावेच्या उतारावरचे बैल थांबत आणि दुसऱ्याचे जुंपले जात. आणि त्या क्षणी जी मोट भरून अर्ध्यावर आलेली असेल ती पुढच्याची, यावर त्या विहिरीवर कधी कोणी तोंड उघडले नाही. पुढे मोटा गेल्या, एका सामाईक इंजिनाची धडधड आली, तरी माप वाटीचेच राहिले.

वाटी धरणाऱ्याची एक अट होती. त्या विहिरीच्या पाण्याखाली त्याची जमीन असता कामा नये. ज्याचा स्वतःचा वाफा वाळतो आहे त्याचा हात घंगाळाशी कधीतरी हलेल, एवढा साधा विचार होता तो. म्हणून विलासच्या पणज्याने, मोजणीदार आला तेव्हा, मुलाण्याला द्यायचे वीस गुंठे विहिरीच्या वरच्या अंगाला, जिथे पाटाचे पाणी चढूच शकत नाही अशा माळावर काढून दिले. आणि उद्या कोणी कागद दाखवून मुलाण्याच्या वाटीवर शंका घेऊ नये म्हणून तेही स्वतःच्या नावावर ठेवले. बारा घरे साक्षीला होती. जो कागद मुलाण्याची अब्रू राखायला कोरा ठेवला होता, तोच साठ-सत्तर वर्षांनी त्याच्यापुढे कोरा म्हणून धरला जाईल, हे त्या माणसांच्या मनात यायचे काही कारण नव्हते.

विलासला हे सारे लहानपणापासून ठाऊक होते. ठाऊक असूनही ते त्याला दिसले मात्र फार उशिरा, आणि तेही फार लांबून.

इतिहास घेऊन तो एम.ए. झाला आणि टाइम ऑफिसात लागला. कामगार आत येताना कार्ड घड्याळात घालत, घड्याळ खट्‌ करून त्यावर वेळ उमटवी, आणि विलास त्या वेळांच्या बेरजा करी. रविवारी तो सायकल मारत पुण्याला जाई आणि एका जुन्या ग्रंथालयात दिवसभर वाचत बसे. तिथेच त्याला अंदलुस सापडला: युरोपच्या दक्षिण टोकाचा तो मुलूख, जिथे सातशे-आठशे वर्षे मुसलमानी राज्ये उगवली आणि मावळली. विलासला तो चाफ्याच्या वासासारखा लागला. कोर्दोवा या राजधानीच्या गल्ल्यांत लेखनिकांची दुकाने होती, बायकाही ग्रंथांच्या नकला करून पोट भरत. हातिवा गावचा कागद दूर देशी जाई. मशिदीच्या अंगणात संत्र्यांची झाडे पाटाच्या पाण्यावर उभी असत. वैद्य ज्यू असे, गवंडी ख्रिस्ती, काजी मुसलमान. तो स्वर्ग नव्हता, हे विलास आपल्या वहीत पुन्हा पुन्हा लिही. ज्यूला आणि ख्रिस्त्याला वेगळा कर होता, मान तुकवून राहण्याचे नियम होते, आणि मधूनमधून रक्तही सांडे. पण रोजच्या जगण्यात माणसे एकमेकांच्या विहिरीवर येत, एकमेकांचे शब्द उचलत, आणि ते शब्द परत करायचे विसरत.

सर्वांत जास्त तो हरखला तो तिथल्या एका गीतप्रकारावर. सारे गीत दरबारी अरबीत, दागिन्यांनी मढवलेले. आणि अगदी शेवटी दोन ओळी घरच्या, बाजारच्या बोलीत. बहुधा एखादी मुलगी आईला सांगत असे, की तो गेला, आता मी काय करू. थोरामोठ्यांची ती सारी शब्दसजावट जणू त्या अडाणी मुलीला बोलायला जागा मिळावी म्हणून केलेली. विलासने वहीत लिहिले: 'शेवट ज्याचा त्याच्या बोलीत हवा. एरवी गीत पुरे होत नाही.'

आणि मग त्याने वलेन्सियाच्या पाटांबद्दल वाचले. तिथेही पाणी पाळीने मिळे. तिथेही पाळीचा हिशेब ठेवणारी माणसे होती. बाराशे अडतीस साली ते शहर ख्रिस्ती राजाने जिंकले, तेव्हा शेते नव्या लोकांना वाटून टाकली. पण पाणी कसे वाटायचे ते कोणाला माहीत? तेव्हा हुकूम निघाला, की पाणी मुसलमानांच्या काळी जसे वाटले जाई तसेच वाटावे. ते कसे, हे विचारायला हरलेल्यांतल्या जाणत्या म्हाताऱ्यांना बोलावले. म्हातारे आले. त्यांनी पाटापाटाने हिंडून दाखवले: इथून इतके, तिथून तितके, हा दगड या वाट्याचा, तो त्या.

त्या रविवारी विलास पुण्याहून परतला तो घरी न जाता थेट करंजाखाली गेला. दगडूभाई घंगाळाशी बसले होते. त्याने त्यांना सारे सांगितले, धाप लागेपर्यंत.

"म्हंजी तितं बी वाटी व्हती म्हन की," दगडूभाई म्हणाले.

"वाटी होती की नाही ते कळत नाही, चाचा. पण माप होतं. तुमच्यासारखीच माणसं होती माप धरणारी."

"मुलाणीच आसतील." ते खूप हसले. "आमाला कुटं बी ह्योच धंदा. राजा कुनाचा बी आसू दे, घंगाळ आमच्याच म्होरं." मग हसू थांबवून त्यांनी वाटीकडे पाहिले, ती अजून तरंगत होती. "मंग काय झालं रं त्या म्हाताऱ्यांचं? दावल्यावर?"

विलासला त्या वेळी खरेच माहीत नव्हते. "अजून वाचायचंय, चाचा," तो म्हणाला. "सांगेन वाचून."

पुढच्याच महिन्यात त्याने वाचले. दाखवून झाल्यावर त्या म्हाताऱ्यांना काही झाले नाही. ती माणसे तिथेच राहिली, पण आता दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याचे पाणी मोजत. त्यांची नातवंडे, पणतवंडे तिथेच वाढली. त्यांची बोली गेली, नावे गेली, नमाज गेला. आणि तरीही पावणेचारशे वर्षांनी एक दिवस हुकूम झाला, की यांनी जहाजांत बसून निघून जावे. हातात उचलेल तेवढेच घ्यावे. मात्र त्या हुकमात एक कलम होते, जे वाचून विलास ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर कितीतरी वेळ बसून राहिला: दर शंभर घरांतली सहा घरे मागे ठेवावीत, ऊस कसा गाळायचा, भात कसे राखायचे, पाट कसे सांभाळायचे, हे नव्याने येणाऱ्यांना शिकवण्यासाठी.

हे त्याने दगडूभाईंना कधी सांगितले नाही. दगडूभाईंनीही पुन्हा विचारले नाही.

त्याने लेख लिहिला: 'पाण्याचे माप'. वलेन्सिया आणि बारा पाळ्यांची विहीर त्याने एका सुतात ओवली. लेखाचा शेवट त्याने ठरवल्याप्रमाणेच, त्या गीतांच्या रीतीने, दगडूभाईंच्या बोलीत केला होता: "पानी तुमचं. आमचं माळावरचं ईस गुंठं हाय. त्यावर पाऊस पडतो तेवढा आमाला बास." रात्री वाचताना ही ओळ त्याला जड वाटली. 'ज्याच्या नावावर मूठभर मातीही नव्हती' या वाक्यानंतर लगेच वीस गुंठे आले की वाक्याचा डौल मोडत होता. वाचणाऱ्याच्या मनात उमटलेले ते निष्कांचन म्हाताऱ्याचे चित्र एकदम सातबाराच्या उताऱ्यासारखे दिसू लागे. त्याने ओळ खोडली. एका रेघेने, फार विचार न करता. लेख कसा घंटेच्या शेवटच्या नादासारखा विरत गेला.

अंक आला तेव्हा पुण्याहून दोन पत्रे आली. दोन्हींत त्याच वाक्याची स्तुती होती.

*

"तू खोटं लिवलंस का?" यशवंतरावांनी विचारले. सुनावणी होऊन तीन दिवस झाले होते. ते ओट्यावर अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते.

"खोटं नाही, आबा. अर्धं."

"मंग अर्धं तर अर्धं. आता पुरं करून कुनाच्या ताटात वाढनार?"

"गुलाबच्या."

अडकित्ता थांबला. यशवंतराव काही दुष्ट मनुष्य नव्हते. दगडूच्या बायकोच्या आजारपणात बैलगाडीतून पुण्याच्या दवाखान्यापर्यंत तेच गेले होते. "मी दगडूला वाऱ्यावर सोडनार हाय व्हय?" ते म्हणाले. "सुगीला पायली-पायली त्येच्या घरी जात व्हती, तशीच जाईल."

"कुठल्या सुगीला? शेत राहिलंय का?"

अडकित्ता पुन्हा चालू लागला. आतून ज्योतीराम आला. हातात सायकलचा पंप होता. तेवीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, गेल्या महिन्यात बैल विकल्यापासून रिकाम्या हातांनी काय करावे हे न कळणारा.

"दादा," तो म्हणाला, "मला तुज्या त्या अंदलुसात लाव की कुटंतरी कामाला. हितली जागा सोडतो मी."

"ज्योती, थट्टा नको."

"थट्टा न्हाई. तू शिकलास, तुला खुर्ची मिळाली. मी मोट हाकली. मोट गेली, इंजिन फिरवलं. आता इंजिन बी चाललं. तळेगावच्या पोरीकडच्या मानसांनी नोकरी बघून व्हय म्हनलंय. बैल बघून न्हाई म्हनले व्हते." त्याने पंप भिंतीला टेकवला. "गुलाब माज्या बरुबरीचा. शाळंत एका फडक्यात भाकर खाल्ली आमी. मला काय बरं वाटतंय व्हय? पर तूच सांग, दोन मानसं एका जागंवर कशी बसतील?"

आई, सोजराबाई, उंबऱ्यात आली होती; पदर तोंडाशी धरून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "कागदात ईस गुंठं लिवलं आसतंस तवाच, तर आज कुनाला काय इचारायची पाळी न्हवती." तिला तो लेख म्हणायचा होता. तिच्या बोलण्यात दोष देणे नव्हते. मीठ कमी पडले असे सांगावे तसे तिने ते सांगितले, आणि आत गेली.

त्या आठवड्यात विलासने टाइम ऑफिसात बेरजा चुकवल्या. खट्‌, खट्‌, खट्‌, कार्डे पडत राहिली. प्रत्येक कार्डावर नाव होते. नावावाचून वेळच उमटत नव्हती. त्याला वाटले, करंजाखाली तो एक शब्द नाव न घेता उच्चारला जाई, आणि सारे समजत. इथे नाव आहे म्हणूनच माणूस आत येऊ शकतो. आणि मग त्याला स्वतःच्या या वाटण्याचीच शिसारी आली, कारण त्यातही एक छान वाक्य दडलेले होते.

बुधवारी त्याने पत्र लिहिले. साहेबांना उद्देशून, साधे. लेखातील मजकूर अपुरा असून माळावरील वीस गुंठे तीन पिढ्या दगडू मुलाणी यांच्याच वहिवाटीला आहेत, हे मला लेख लिहिताना ठाऊक होते. एक ओळ मी खोडली. त्याने ती ओळ, जशीच्या तशी, खाली लिहिली. सही केली. घडी घालून खिशात ठेवले. पत्र गेटावर टाकायला दोन मिनिटे लागली असती. गेटावरून तो त्या दिवशी चार वेळा गेला आणि आला.

*

गुरुवारी साडेचारला तो करंजाखाली पोचला तेव्हा तिथले झाड सोडून बाकी काही ओळखीचे उरले नव्हते. कंपनीच्या माणसांनी धावेची माती कापून नेली होती. विहिरीभोवती तार ओढली होती. मोट रिकामी होई त्या थारोळ्याचे दगड उपटून एका अंगाला रचले होते. दूर, कंपाउंडाच्या नव्या भिंतीशी, कंत्राटदाराच्या माणसांत गुलाब डोक्यावर विटा वाहताना दिसत होता. रोजंदारीवर. त्याला कार्ड नव्हते.

दगडूभाई घंगाळ पुढे घेऊन बसले होते. चिंचेच्या कोळाने आणि राखेने वाटी घासत होते. तांबे आतून उजळून आले होते.

"ये, इलासराव. फोटू काडाय आलास का वाटीचा?"

"नाही, चाचा."

"मंग बस. जरा बगतो, भोक बुजलंय का." त्यांनी वाटी धुतली आणि घंगाळात सोडली. ती किंचित डुलली आणि स्थिर झाली. बुडाशी पाण्याचा तो बारीक कोंभ उगवला. विहीर बंद झाल्यावर ही वाटी कोणाचे पाणी मोजणार, हे विचारायचे विलासच्या ओठांवर आले होते, पण त्याने ते आवरले.

"चाचा, त्या लेखात शेवटी मी एक ओळ खोडली होती."

"ठावं हाय. गुलाबनं वाचून दावलं. मी म्हनलं, माजं बोलनं कुटं ऱ्हायलं? त्यो म्हनला, जागा फुरली नसंल. छापनाऱ्याला बी जागेची टंचाई." ते हसले. "समद्यांनाच झालीया आता."

"जागा होती." विलासचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "मीच काढली. वाक्य चांगलं दिसत नव्हतं म्हणून."

दगडूभाई वाटीकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काही बदलले की नाही हे दाढीमुळे कळले नाही. पानांतून आलेले उन्हाचे ठिपके घंगाळातल्या पाण्यावर हलत होते.

"त्या दिवशी तुम्ही का बोलला नाहीत?" विलासने विचारले. "बाराजण होते. तुम्ही एक शब्द बोलला असता तर सोपानकाकांना तरी बोलावं लागलं असतं."

"वाटी धरणारा पाळीवर बोलत न्हाई, बाबा. आमच्या आज्यानं कंदी बोललं न्हाई, बानं न्हाई. कुनाची पाळी ते तुमी सांगायचं. आमी नुसतं बुडली का न्हाई, तेवढं सांगनार. आन् तू लिवून घेत व्हतास की तितं. म्हनलं, इलास हाय."

विलासने खिशातून घडी काढली. "हे लिहिलंय मी. साहेबांना. पाचच्या आत गेटावर टाकलं तर..." त्याने ती पुढे केली. "तुम्ही सांगा, चाचा. देऊ?"

हात तसाच पुढे राहिला. दगडूभाईंनी कागदाला हात लावला नाही.

"मला इचारू नगं," ते शांतपणे म्हणाले. "मी म्हनलो दे, तर माजी पाळी मीच पुकारली, आसं झालं. म्हनलो नगं दे, तर पोराच्या तोंडचं मीच काडलं. तुजा कागद हाय. तुजं तुला ठावं." मग त्यांनी विचारले, "ज्योतीची तारीख कवाची धरली रं?"

"वैशाखातली."

"चांगली पोरगी हाय म्हनत्यात. तळेगावची." त्यांनी घंगाळात पडलेले एक वाळके पान बोटाच्या टोकाने अलगद बाजूला केले, वाटीला धक्का न लावता. साठ वर्षांची सवय त्या बोटात होती. वाटी आता निम्मी भरली होती. तिचे काठ पाण्याच्या जवळ आले होते.

विलासने घडी परत खिशात ठेवली. येताना आपण कशासाठी आलो होतो हे त्याला आता लख्ख दिसले. हा म्हातारा, राहू दे रे, असे म्हणेल. आणि मग ते राहू देता येईल, रात्री झोप येईल, पुढेमागे त्यावर काही लिहिताही येईल, यासाठी तो आला होता. म्हाताऱ्याने ते दिले नव्हते. मागितलेही काही नव्हते. त्याने फक्त माप धरले होते.

लांबून कंपनीचे गेट दिसत होते. पहारेकऱ्याच्या खोलीवर नवी कौले. चालत गेले तर दहा मिनिटे. दुसऱ्या बाजूला, बांधावरून, घराची वाट. तिच्यावर ज्योतीरामची सायकल उन्हात चमकत चालली होती. कॅरिअरवर काहीतरी बांधलेले, बहुधा चुन्याची गोणी. घराला पांढरे करायचे होते.

"इलास," दगडूभाई म्हणाले, "एक ऱ्हायलं बग."

"काय, चाचा?"

"ती मानसं. तुज्या त्या मुलखातली. राजाला पाट दावलं, पाळ्या दावल्या, समदं बैजवार दावलं म्हनलास." त्यांचा आवाज तसाच होता, करंजाखालच्या कुठल्याही दुपारचा. त्यात टोचणी नव्हती. त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते. "मंग त्यांचं म्होरं काय झालं? तू म्हनला व्हतास, वाचून सांगतो. झालं का वाचून?"

वाटीच्या काठावरून पाण्याची एक पातळ कड आत वळली. वाटी तिरकी झाली, क्षणभर तोललेली राहिली, आणि आवाज न करता खाली गेली. तळाशी तांबे एकदा चमकले.

"झालं," दगडूभाई सवयीने म्हणाले, आणि मान वर करून, उत्तराची वाट बघत, त्याच्याकडे पाहत राहिले.

विलास उठला. धोतराला लागलेली करंजाची फुले त्याने झटकली, तारेखालून वाकून पलीकडे गेला, आणि बांधावरच्या वाटेने, घराच्या दिशेने, चालू लागला.